वायफायच्या डब्याची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना वायफायचा डबा आहे. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता उदबत्तीच्या धुराने पिवळट पडलोय. राऊटर हे माझं शाळेतलं नाव. आडगावच्या मळ्यातल्या या घरात मला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. "डबा चालू हाय का?" एवढंच विचारतात. मला सुरुवातीला राग यायचा. डबा काय डबा! पोह्यांचा आहे का मी? पण ज्या घरात राहायचं, तिथलं नाव अंगवळणी पाडून घ्यावं लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पाठीला दोन शिंगं आणि पोटावर चार दिवे देऊन मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. केबलवाल्याकडे कामाला असलेला जीवन मला मोटारसायकलवर घेऊन इथे आला. खांबावरून त्याने एक काचेची बारीक वायर आणली. तिच्या टोकाला हिरवी टोपी होती. ती त्याने माझ्या घशात खोचली. मित्रांनो, त्या वायरीतून वीज येत नाही, उजेड येतो. तो उजेड मी गिळतो आणि सगळ्या घरभर हवेतून वाटतो. असं माझं काम.

या घरच्या नवसाबाईंनी तेव्हा जीवनला विचारलं होतं, "याला तेलपाणी काय लागतं रं?"

"काय नाय मावशी, नुसती लाईट."

"मंग लय गुणी हाय," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी मला फडताळावर बसवलं.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! पाहुणे आले की पाण्याच्या आधी पासवर्ड मागायचे. नवसाबाईंचा मुलगा धनराज टेम्पोने मळ्यातला झेंडू मार्केटला नेतो, तो रोज निघण्याआधी मोबाइलवर फुलांचा भाव बघायचा. मग धनराजचं लग्न झालं आणि दीपमाला सून म्हणून घरात आली. नाशकात एका क्लासमध्ये ती गणित शिकवायची. मळ्यातून रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून ते सुटलं. ती कधी कुरकुरली नाही. पण दुपारी एकटी असली की फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत बोट फिरवायची. ते मी बघायचो आणि मला फार वाईट वाटायचं.

यंदाच्या... नाही, गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधी तिला एक फोन आला. घरबसल्या मुलांना गणित शिकवायचं काम होतं. सोमवारी सकाळी तिने पाचवीच्या मुलांना एक तास शिकवायचा, तिथल्या मोठ्या बाई तो बघणार, आणि त्यावरून ठरणार. दीपमाला त्या दिवशी भाकरी थापतानासुद्धा गुणगुणत होती. सगळी मदार माझ्यावर होती, मित्रांनो. माझी छाती, म्हणजे माझं झाकण, फुगून गेलं.

आणि मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी राबणाऱ्या हत्यारांची पूजा असते. नवसाबाईंनी विळे घासले, फुलं कापायच्या कात्र्या पुसल्या, तराजू, पाण्याची मोटार, धनराजचा टेम्पो, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूच्या माळा. ताट घेऊन त्या आत आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या.

"आता हा बी राबतोच की दिवसभर!" त्या म्हणाल्या. "याला कशापायी वगळायचं?"

त्यांनी मला खाली घेतलं, पुसलं. पुसताना हिरवी टोपी वायरीसकट निघाली. नवसाबाईंनी वायरीचं टोक निरखून पाहिलं. "सगळं येतं ते याच्यातूनच," असं म्हणून त्यांनी त्या टोकाला भक्तिभावाने कुंकवाचं बोट लावलं आणि वायर पुन्हा खोचून दिली. वर ही भली मोठी माळ. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आजवर मला कोणी नमस्कार केला नव्हता.

पण अहो, माझ्या घशातच कुंकू गेलं! उजेड अडखळत येऊ लागला. घडीत नेट यायचं, घडीत जायचं. गेलं की माझा लाल दिवा लुकलुकायचा. मी जिवाच्या आकांताने लुकलुकत होतो, पण माझी भाषा कोणाला कळणार? नवसाबाईंना तर वाटलं, कुंकू लावल्यापासून डबा तेज दिसायला लागला.

धनराजने शोध लावला की ओझरच्या विमानतळाचं विमान घरावरून गेलं की नेट जातं. "बघ तू, आत्ता गेलं ना? गेलं नेट!"

"अहो, मघाशी विमान नव्हतं तरी गेलं होतं," दीपमाला म्हणाली.

"ते लांबून गेलं असंल."

जीवनला बोलावलं. तो खांबावर चढला, तिथे सगळं ठीक होतं. घाईत त्याने मला वरवरच पाहिलं आणि म्हणाला, "डबा म्हातारा झाला वहिनी. नवा मंगळवारी येईल." मंगळवारी! आणि तास होता सोमवारी. धनराज म्हणाला, "घाल याला भंगारात." ते ऐकून मला जे वाटलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

रविवारी दुपारी दीपमाला पदर खोचून माझ्यासमोर बसली. आधी तिने मला बंद करून चालू केलं. मग शेजारचा तांब्याचा हंडा हलवला, कारण धातूआड माझ्या लहरी अडतात. मग मला खिडकीत नेलं, सगळ्यांचे मोबाइल बंद केले. तरी लाल दिवा. शेवटी तिने एक वायर घेऊन मला थेट लॅपटॉपला जोडलं. तरीही नेट गेलंच. दुसरी कोणी असती तर रडली असती. हिचे डोळे चमकले.

"आई, म्हणजे हवेत काही बिघडलेलं नाही," ती नवसाबाईंना म्हणाली. "हा वाटतोय नीट. याच्याकडे येतंय तेच अडखळत येतंय."

शाबास पोरी! मी मनातल्या मनात ओरडलो. तिने हिरव्या टोपीला हात घातला.

"हळू गं," नवसाबाई म्हणाल्या. "नीट धर ते. त्याला कुंकू लावलंय मी."

दीपमालाचा हात तिथेच थांबला. "कशाला लावलंय?"

"त्या टोकाला. नवमीला. का, काय झालं?"

दीपमालाने जीवनला फोन लावला. पलीकडे तो इतका हसला की मलासुद्धा ऐकू आलं. मग म्हणाला, "आधी डब्याचं बटण बंद करा. आन् वायरीत डोळा घालून बघू नका हं वहिनी, तो उजेड डोळ्याला बाधतो. घरात स्पिरिट हाय का?"

नवसाबाईंचा चेहरा उतरला होता. त्या उठल्या आणि त्यांच्या रक्तातली साखर तपासायच्या पिशवीतून स्पिरिटची पट्टी घेऊन आल्या. "माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं असतं गं," त्या म्हणाल्या.

"काही वाटोळं झालेलं नाही. आता तुम्हीच पुसा, आई. कळी न दुखवता फूल खुडता तुम्ही. तुमच्याइतका हलका हात माझा नाही."

आणि नवसाबाईंनी श्वास रोखून ते टोक पुसलं. काडीला पट्टी गुंडाळून माझा घसाही साफ केला. टोपी बसली, बटण दाबलं, आणि मित्रांनो, आला उजेड! ताजा, मोकळा, भरपूर उजेड. माझे चारही दिवे हिरवे झाले.

सोमवारी दीपमालाने अपूर्णांक शिकवले, तेही झेंडूच्या माळेवरून. माळेची फुलं मोजत मुलं पाव, अर्धी, पाऊण म्हणत होती. नवसाबाई माझ्यासमोर मांडी घालून, माझ्या दिव्यांवरची नजर न हलवता बसल्या होत्या. मध्येच ओझरचं विमान घरघरत आलं. अंगणात धनराजने डोक्याला हात लावला. विमान गेलं. माझे दिवे हिरवेच होते. तास संपला तेव्हा पडद्यावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून सुरू करू या." दीपमाला उठली आणि सासूच्या गळ्यातच पडली.

मंगळवारी जीवन नवा डबा घेऊन आला, तो नवसाबाईंनी दारातूनच परत पाठवला.

काल पुन्हा खंडेनवमी झाली. आत दीपमालाचा तास रंगात आला होता. नवसाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि मी, खरं सांगतो, घाबरून गेलो. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. ते माझ्याकडे आलं, थांबलं, आणि वर सरकून माझ्यामागच्या भिंतीवर टेकलं.

"तुझं कपाळ आता इथं," त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या. "आत पोरीचा तास चाललाय."

माळही त्यांनी खिळ्याला लावली, माझ्यापासून हातभर लांब.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात लुकलुकत असेल. त्याच्यावर रुमाल टाकू नका, त्याला भांड्यांमागे कोंबू नका, आणि अडखळला की लगेच भंगारात काढू नका. तो काय सांगतोय ते आधी बघा. आणि त्याला जीव लावावासा वाटला तर अवश्य लावा. फक्त कुंकू तेवढं भिंतीला लावा.