उजवी वेणी

उत्कर्ष सरांनी डावा हात पाठीमागे नेला आणि तळवा वर केला. म्हणजे स्पीकरवरची बासरी चढवायची. मी चढवली.

"डोळे मिटा, बाळांनो," सर माइकमध्ये कुजबुजले. "आता आईला डोळ्यांपुढं आणा. आणलं? आज संध्याकाळी तुम्ही घरी जाल, हाक माराल, आणि आई ओ देणार नाही. कधीच देणार नाही."

सतरंजीवर सहावी ते आठवीची दोनशे पोरं बसलेली. पहिल्या रांगेत एक मुसमुसली, मग तिच्या शेजारची, आणि पाच मिनिटांत अख्खा हॉल रडायला लागला. मुख्याध्यापिका चारुशीलाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. सरांचा एक माणूस मोबाइल घेऊन रांगांतून फिरत होता आणि जे तोंड जास्त वाकडं झालंय त्याचं जवळून शूटिंग घेत होता. रडणाऱ्यांतल्या कुणाचीही आई मेलेली नव्हती. त्या सगळ्या जिवंत आया या वेळी घरी भाकरी थापत असतील, नाहीतर शेतात खुरपत असतील.

मी महांतप्पा, अणदूरचा साउंडवाला. खंडोबाच्या जत्रेपासून बारशापर्यंत तीस वर्षं लोकांचे आवाज मोठे करतोय. दीड वर्षापासून या उत्कर्ष सरांचा साउंड माझ्याकडं आहे. ते लाइफ कोच आहेत. म्हणजे माणसानं जगावं कसं ते शिकवतात. स्टेजमागच्या फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो, आणि खाली 'विशेष क्षेत्रे : करिअर, विवाह, पालकत्व, आरोग्य, दुःखमुक्ती'. तीन वर्षांमागं हाच माणूस दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. दर नव्या फ्लेक्सवर एक क्षेत्र वाढतं. स्वतःचं लग्न अजून व्हायचंय, पण विवाहात विशेष! दुःखमुक्ती गेल्या दिवाळीला वाढली.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला हे काम आवडायचं. बासरी कुठं सुरू करायची, 'आई' शब्दाला किती चढवायची, हे माझ्या बोटांना पाठ झालं होतं. "काका, तुमच्या बासरीशिवाय माझी पोरं रडत नाहीत," सर म्हणायचे आणि मी फुगायचो.

आजची शाळा माझ्या नातीची होती. जाई सातवीत आहे. सकाळी मीच सरांना म्हणालो होतो, "सर, आमची नात हाय हितं." केवढ्या कौतुकानं म्हणालो होतो, मूर्ख म्हातारा!

जाई तिसऱ्या रांगेत होती. सगळे डोळे मिटलेले, तिचे उघडे. रडत नव्हती. नुसती माझ्या स्पीकरकडं बघत होती.

जाई माझ्या हर्षालीची मुलगी. हर्षालीला जाऊन दोन वर्षं झाली. पोर तेव्हाच माझ्याकडं आली आणि जावयानं पुढं दुसरं लग्न केलं. माझी बायको त्याआधीच गेलेली, त्यामुळं घरात आम्ही दोघंच.

पंधरा दिवसांमागं बेंबळीचा कार्यक्रम उरकून परत येताना सरांची गाडी बंद पडली. ते माझ्या टेंपोत शेजारी बसले. म्हणाले, "काका, तुम्ही आतून भरलेले आहात. दुःख हे माझं क्षेत्र आहे. बोला, आपल्या दोघांतच राहील."

आणि मी बोललो की! तुळजापूर येईपर्यंत बोलत होतो. हर्षाली त्या सकाळी जाईची वेणी घालत होती. अंगात ताप होता. डावी वेणी झाली आणि उजवी घ्यायच्या आधी ती कोसळली. सोलापूरला नेली, ती परत आलीच नाही. जाईनं चार दिवस डावी वेणी सोडू दिली नाही आणि उजव्या बाजूला कुणाला फणी लावू दिली नाही. पै-पाहुण्यांत तशीच बसायची, रडली मात्र नाही. पाचव्या दिवशी फणी घेऊन आली आणि माझ्यापुढं पाठ करून बसली. सोल्डरिंगनं भाजलेल्या या बोटांनी मी वेणी घालायला शिकलो. तेव्हापासून रोज सकाळी वाटीत तेल काढायचं, आधी डावी, मग उजवी. हे आम्ही दोघांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर सरांनी माझा हात दाबला. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं होतं.

"एका आईची गोष्ट सांगतो," सर आता म्हणाले. "मुलीची एक वेणी घालून झाली होती. दुसरी राहिली होती..."

सरांचा डावा हात पाठीमागे गेला. तळवा वर झाला.

माझ्या हातानं बासरी चढवली. सवयीनं, नेमकी जागेवर. माझ्याच हातानं! त्या हाताची मला अजूनही किळस वाटते.

जाईचा हात हळूच उजव्या वेणीवर गेला.

"ती मुलगी आज आपल्यातच बसली आहे," सरांचा गळा दाटला. त्यांचा गळा हवा तेव्हा दाटतो. "दोन वर्षं ती रडलेली नाही. आज आपण तिला मोकळं करणार आहोत. जाई बेटा, वर ये."

दोनशे ओली तोंडं तिच्याकडं वळली. मोबाइलवाला तिच्यापुढं जाऊन गुडघ्यावर बसला.

मी मिक्सरची मेन वायर उपटली.

सरांचे ओठ हलत राहिले. बासरी गेली तशी पोरं गोंधळून एकमेकांकडं बघायला लागली आणि नाकं पुसायला लागली. "लाइट गेली का?" चारुशीलाबाईंनी विचारलं. वर पंखे गरागरा फिरत होते. मी वायर गुंडाळायला घेतली.

सर धावत आले. "काका, काय केलंत? पोरगी फुटणार होती हो! दोन मिनिटं अजून—"

"फुटायला ती काय नारळ हाय व्हय?" मी ओरडलो. "लाज न्हाय वाटत? तुमी म्हनला व्हता, दोघांत राहील!"

"मी तिच्या भल्यासाठी केलं. आणि मला कुठून कळणार होतं? तुम्हीच तर सांगितलंत, काका."

या माणसाच्या तोंडून दीड वर्षात ऐकलेलं एवढंच एक वाक्य खरं होतं. मी स्पीकर उचलले.

टेंपोत जाई दप्तर मांडीवर धरून बसली. नळदुर्ग मागं पडलं. मग रस्त्याकडं बघतच म्हणाली, "आज्जा, वेणीचं त्यास्नी तुमी सांगितलं?"

"व्हय."

"आन ती बासरी? ती पन तुमीच लावली?"

"व्हय गं बाळा. चुकलं माझं. लई चुकलं."

ती रडली नाही. घर आल्यावर उतरली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं वाटीत तेल काढलं, फणी घेतली, आणि उंबऱ्याजवळ बसून राहिलो. आतून बराच वेळ बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. मग जाई बाहेर आली. दोन्ही वेण्या घातलेल्या. भांग वाकडा पडला होता. उजवी वेणी डावीपेक्षा वर बसली होती आणि तिची रिबीन सुटून खांद्यावर लोंबत होती.

माझा हात आपोआप पुढं गेला. ती एक पाऊल मागं सरली.

"ऱ्हाऊ द्या, आज्जा. माझी मी घालते आता."

दारात उभं राहून तिनं रिबिनीचं एक टोक दातांत धरलं, गाठ मारली आणि दप्तर उचललं. "येते," म्हणाली. रोज म्हणते तसंच म्हणाली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. मग आत येऊन वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं.