मेंढ्यांचा पंक्तिप्रपंच

उद्देश

नुसतं गव्हाचं काड खाणाऱ्या मेंढ्यांना रोज चिमूटभर यीस्ट दिलं, तर काड जास्त पचतं का, एवढंच ताईला पाहायचं होतं. दोन महिन्यांत उत्तर मिळालं तर पदवी. नाही मिळालं तर मुदत संपली, आणि "मेंढ्यांच्या मागे लागून कोणाचं भलं झालंय?" हे आईचं म्हणणं खरं.

साहित्य

मेंढ्या आठ. चौघींना यीस्ट, चौघींना नाही. आठहीजणींच्या मागे लेंड्यांसाठी पिशव्या बांधलेल्या, कारण पोटात गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा केलं की उरतं ते पचलेलं.

शिवाय शेड सांभाळणारे मामा.

पद्धत

वाढायचं काम मामांकडे होतं. तिथेच माशी शिंकली.

निरीक्षण

तीन आठवडे ताईने लेंड्या वाळवल्या, तोलल्या. तो वास तिच्या ओढणीला, डब्याला, शेवटी स्वप्नांनाही लागला. आणि फरक? शून्य. आठहीजणींना सारखंच पचत होतं.

मग एका सकाळी ती लवकर आली. मामा यीस्टची पुडी उघडून आठ वाटे करत होते.

चर्चा

"मामा! हे काय?"

"वाटे."

"डावीकडच्या चौघींनाच द्यायचं होतं ना!"

"समोरासमोर उभं करायचं, आणि एकीला वाढायचं, दुसरीला नाही? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा नाही, ताई."

"पंगत नाहीये ही! प्रयोग आहे!"

"ते तुम्हाला माहीत. त्यांना कुठे माहीत? ती कानतुटकी कशी बघते, बघा."

कानतुटकी खरंच टक लावून बघत होती. ताई मटकन पोत्यावर बसली. "तीन आठवड्यांची हमाली पाण्यात गेली, मामा."

तिचा आवाज ऐकून मामा वरमले. "मग असं करा. आधी ह्या चौघींना द्या, नंतर त्या चौघींना. पाळीपाळीने. कोणी रुसायला नको."

ताई ताडकन उठली आणि सरांच्या खोलीकडे पळत सुटली.

सरांचा शेरा

"उत्तम! प्रत्येक मेंढीची तुलना तिची तिच्याशीच. मधे एक आठवडा सगळ्यांचं यीस्ट बंद ठेवा, म्हणजे आधीचा परिणाम उतरेल. आधीच का नाही सुचलं?"

निष्कर्ष

यीस्टच्या दिवसांत पिशव्या खरंच हलक्या भरल्या. प्रबंध मुदतीत गेला.

एक निरीक्षण मात्र त्यात नाही. पहिल्या पाळीत वाढताना मामा कानतुटकीकडे पाठ करून उभे राहत आणि मान न वळवता पुटपुटत, "अशी बघू नकोस गं. पुढची पाळी तुझीच आहे."