काचेचा पूल

लोहगडवाडीचा सोपान भात पिकवायचा आणि गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालायचा, पण हे दोन्ही त्याचे जोडधंदे. मूळ धंदा थापा मारण्याचा. गडाच्या विंचूकाटा नावाच्या सोंडेवर एकदा धुकं इतकं दाट आलं की त्यानं आपली घोंगडी त्या धुक्यालाच अडकवली आणि खाली बसून निवांत न्याहारी केली. उन्हं वर आली, धुकं विरलं आणि घोंगडी गेली थेट पवना धरणात. पुढं काही दिवसांनी बघतो तर एक मरळ मासा ती पांघरून हिंडतोय. सोपाननं परत मागितली. मासा म्हणाला, "थंडी सरू दे, मग आणून देतो." पुण्याची पोरं हसता हसता ताक सांडायची आणि दुसरं मागवायची. सोपानच्या थापांत नफा काय तो एवढाच.

पण शहरातल्या पोरांना थापा मारणं म्हणजे तान्ह्या बाळाला कुस्तीत पाडणं. खरा फड रंगायचा खळ्यावर. दिवाळी सरली की वाडीत भातझोडणी निघते. आज सगळे ह्याच्या खळ्यावर, उद्या सगळे त्याच्या. मजुरी नाही, घरधन्यानं पोटभर जेवण घालायचं. मधे लाकडी बाजा टाकायच्या, दोन्ही अंगांनी माणसं उभी राहायची आणि भाताच्या पेंढ्या त्यावर आपटायच्या. पाठ मोडून येते, म्हणून तोंडानं थापा. त्यालाही वाडीचा कायदा. एकानं थाप मारली की त्यानं गप्प राहून दोनेक पेंढ्या झोडायच्या आणि तेवढ्यात समोरच्यानं तिच्यावर चढती मारायची. ह्याला म्हणायचं जागा सोडणं. जागा न सोडता जो बोलत सुटेल, तो थापाड्या नव्हे, नुसता बडबड्या. वाडीत हा दर्जा फार खालचा.

तीन वर्षांमागं सोपानचा एकुलता एक मुलगा कैलास झोडणीला घरी आला. लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवायचा, पंचविशी ओलांडलेला, एरवी कमी बोलणारा. पण त्या साली त्यानं सकाळी पेंढी हातात घेतली आणि बोलायला जे लागला ते थांबेचना. लोहगडापासून विसापूरपर्यंत आपण काचेचा पूल बांधणार. मधोमध चहाची टपरी. ढग पुलाखालून जाणार, आणि प्रत्येक ढगाला टोल. एक्सप्रेसवेवरचा उर्स्याचा टोलनाका त्याच्यापुढं लहान मुलाचं खेळणं! पावसाळी ढगाला जादा दर, कारण माल भरलेला असतो.

खळं हसून हसून आडवं झालं. जागा सोडणं-बिडणं कुणाला आठवलंच नाही. वाडीनं आपला कायदा त्या दिवसापुरता गुंडाळून ठेवला. सोपानची छाती तर सदऱ्यात मावेना. "बोलू द्या त्याला," तो शेजारच्या आक्काबाईला म्हणाला. "माझा बाप निघाला हा."

विठाबाई, म्हणजे सोपानची बायको, तेवढी हसली नाही. "अवो, पोरगं रातभर जागं असतंय. उभ्यानं जेवतंय."

"मोठ्या थापेला जागरण लागतंच, इठे."

आता दुसऱ्या कुठल्या घरात हे चाललं नसतं. बोलक्या पोराला कुणी पाणी पाजलं असतं, कुणी डॉक्टर दाखवला असता. पण थापांचंच घर ते. पोराचं मन कड्याच्या टोकाकडं पळत होतं आणि बाप समजत होता की घराण्याचं नाव काढतंय.

मग एका सकाळी चढणीवरून जेसीबी गुरगुरत वर आला. कैलासनं आणवला होता. पुलाचा पहिला खांब सोपानच्या अजून न कापलेल्या, उभ्या भातात येणार होता. यंत्रानं पहिला घास घेतला, पिकासकट. दुसरा घ्यायच्या आत विठाबाई पदर खोचून त्या लोखंडी पंज्यापुढं जाऊन उभी राहिली आणि चालकाला नाही, मुलाला नाही, नवऱ्याला म्हणाली, "थाप मारणारा माणूस खड्डा खणत न्हाई! पोरगं आजारी हाय. डोळं उघडा आता."

सोपानचे डोळे उघडले ते असे.

तळेगावच्या डॉक्टरबाईंनी आजाराला नाव दिलं: बायपोलर. म्हणाल्या, ह्यात मन कधी माथ्यावर जातं, कधी दरीत, आणि दोन्हीकडं नेणारी वाट माणूस निवडत नाही. कुणाच्या लाडानं होत नाही, कुणाच्या करणीनं होत नाही. गोळ्या, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी, आणि झोप. झोप मोडली की सावध व्हायचं.

माथा उतरला तशी दरी आली. तो हिवाळा कैलास भिंतीकडं तोंड करून गोधडीत पडून राहिला. विठाबाई कधी त्याला "ऊठ" म्हणाली नाही. तांदूळ निवडायला त्याच्या उशाशी बसायची. कालवण केलं की पळीभर घेऊन यायची आणि म्हणायची, "मीठ बघ रे एवढं." तो ओठ लावायचा, बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत पळी. बाई मुद्दाम कधी मीठ जास्त घालायची, कधी विसरायची, आणि सोपान बिचारा ते सगळं मुकाट गिळायचा. एक दिवस गोधडीतून आवाज आला, "कमी हाय." विठाबाई पळी हातात घेऊन अंगणात धावली आणि "कमी हाय म्हणाला! कमी हाय!" असं ओरडत सोपानला मिठी मारायचीच बाकी राहिली. गडावरून उतरणारी माणसं थांबून बघायला लागली.

हळूहळू पोरगं उभं राहिलं. जीप पुन्हा चालवायची घाई त्यानं केली नाही, बापाची पिठलं-भाकरीची टपरी सांभाळू लागला. जेवण झालं की स्वतःच्या हातानं गोळ्या घ्यायचा. पण घरातलं हसणं मात्र परत आलं नाही. सोपाननं थापा सोडल्या. त्याच्या मनानं घेतलं की आपल्याच थापा पोराच्या डोक्यात उतरल्या. डॉक्टरबाईंनी नाही म्हटलेलं त्याला पटलं होतं, पण जिभेला पटलं नव्हतं. जुनं गिऱ्हाईक म्हणायचं, "आबा, त्या माशाचं सांगा की." आबा म्हणायचे, "कणीस भाजून देऊ का?"

एवढंच असतं तर चाललं असतं. पण कैलास जरा मोठ्यानं हसला की सोपान विठाबाईकडं बघायचा आणि विठाबाई सोपानकडं. शीळ घातली, बघितलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, बघितलं. शेवटी एक दिवस कैलासनं ताकाचा तांब्या आपटला.

"मी हसलो की तुमी आईकडं बघता, आबा. मला दिसत न्हाई व्हय? मी आजारी हाय, पण दिवसभर आजारीच न्हाई. मदी मदी मी नुसता कैलास बी असतो. गाभण म्हशीवानी माझ्यावर नजर ठेवणार असाल तर मी मुंबईला निघून जाईन. मग कुणाकडं बघाल ते बघा."

सोपाननं मान डोलावली. तेव्हापासून त्याला दोन भीत्या झाल्या. विचारलं तर पोरगं घर सोडणार. न विचारलं आणि वेळ आली, तर पोरगंच हातचं जाणार.

आणि ह्या वर्षी झोडणीच्या तोंडाशी वेळ आली. रानडुकरं भात लोळवत होती म्हणून कैलास राखणीला शेतातल्या माळ्यावर जाऊन बसला, एक रात्र, मग दुसरी, मग रोजच. सोपान "मी जातो" म्हणाला तर "तुमचं डोळं मिटतात, आबा" म्हणून उडवून लावलं. सोपानच्या खळ्यावर वाडी जमली त्या सकाळी कैलासचे डोळे लख्ख होते, अंगात दहा माणसांचं बळ होतं, आणि तो बोलत होता.

"मावशी, डुकरांची अख्खी वरात आलती राती! म्होरं एक बँडवालं डुक्कर!"

आक्काबाई फिदीफिदी हसली. विनोद खरोखर झकास होता. हीच तर पंचाईत. पोरगं खुशीत आहे की चढतंय? चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या विठाबाईकडं बघावं असं सोपानच्या मानेला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की त्यानं दोन्ही हातांनी पेंढी आवळली. बघितलं नाही. आलेली शिंक नाकातच जिरवणं त्याहून सोपं.

त्याऐवजी त्यानं तीन वर्षांनी तोंड उघडलं.

"त्यातलंच एक डुक्कर काल टपरीवर आलतं," तो पेंढी आपटत म्हणाला. "बाकड्यावर बसलं, म्हणालं, आबा, एक पिठलं-भाकरी. तिखट बेतानं, पोट बिघडलंय. म्या म्हटलं, कशानं रं? तर म्हणतंय, तुमचाच कच्चा भात खाऊन."

खळ्यावर एकच गलका. आक्काबाईच्या हातातली पेंढी उडून पलीकडच्याच्या डोक्यावर. "उघडलं बाई म्हाताऱ्याचं कुलूप!"

सोपाननं गप्प राहून पेंढी झोडली. दुसरी झोडली. जागा सोडली. ती जागा कैलाससाठी होती आणि सोपानचं सगळं काळीज तिच्यात उभं होतं.

पण कैलास हसला नव्हता. त्यानं ऐकलंच नव्हतं. तो केव्हाच पुढं गेला होता: डुकरांना शिकवायचं, गडावर सामान वाहायला लावायचं, मग राजमाचीवर शाखा काढायची, मग... सोपाननं दुसरी थाप सुरू केली, कैलासचं बोलणं तिच्यावरून जीपसारखं निघून गेलं. तिसरी त्यानं अर्ध्यातच सोडली आणि मुकाट झोडू लागला. मग आक्काबाई गप्प झाली. मग एकेक करत सगळे. नुसता पेंढ्यांचा धपधप आवाज आणि त्यात एकट्या कैलासचं बोलणं.

बोलता बोलता कैलासचा हात वरच थांबला.

"आबा, तुमी मघा काय म्हणालात?"

"डुकराचं सांगत व्हतो."

"मला ऐकू आलं न्हाई." त्यानं पेंढी खाली ठेवली. "मी किती येळ जागा सोडली न्हाई?"

मग आक्काबाईच म्हणाली, हळू, "सकाळपास्नं, बाबा."

कैलास तिथंच बाजेवर टेकला. कपाळावरचा घाम पुसला. मग वडिलांकडं बघून जे म्हणाला ते सोपानच्या अख्ख्या आयुष्यातल्या थापांना पुरून उरणारं होतं.

"आबा, मला लय भारी वाटतंय. असं, की आत्ता पळत गडावर जाऊन यावं. कधीच एवढं बरं वाटलं न्हाई. म्हणून म्हणतो, आजच तळेगावला चला. उद्या मी यायचा न्हाई. उद्या मला वाटंल, मला काय झालंय?" त्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि चुलीपाशी जाऊन आईच्या पिठाच्या हातात दिली. "ही ठेव. मागितली तरी देऊ नको. भांडलो तरी देऊ नको."

सोपाननं तोंडानं किती वाघांचे कान धरले होते, किती विजा मुठीत पकडल्या होत्या, त्याला गणती नाही. पण दुखत असेल तर कुणीही डॉक्टरकडं जातं. अंगात सुख मावत नसताना, त्या सुखालाच "तू खोटं आहेस, चल माझ्याबरोबर" असं म्हणणारा माणूस त्यानं थापेतसुद्धा कधी उभा केला नव्हता. धाडस झालं नसतं. लोकांनी म्हटलं असतं, सोपान, आता अती झालं.

वाडीतल्या रतनच्या पिकअपमधून तिघं तळेगावला गेली. वाटेत कैलास बोलतच होता, थांबवून थांबत नव्हतं, पण विठाबाईनं त्याचा हात धरला होता आणि त्यानं तो सोडवून घेतला नाही. डॉक्टरबाईंनी त्यालाच सगळं विचारलं, रक्त घेतलं, गोळ्या बदलून दिल्या. राखण बंद, म्हणाल्या. झोप, झोप आणि झोप. चार दिवसांनी परत यायचं, त्याआधी काही वाटलं तर त्याआधी.

"वडिलांनी आणलं का?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"न्हाई, मी त्यांना आणलं," कैलास म्हणाला. "त्यांना एकट्यानं घरी बसायची भीती वाटते."

आणि थांबला. डॉक्टरबाई हसल्या. सोपानही हसला, आणि त्या हसण्यात त्याला कुणाकडं बघायचं सुचलंच नाही.

तिघं परत आली तेव्हा वाडी अजून सोपानच्याच खळ्यावर राबत होती. घरधनी नाही म्हणून कुणी हात थांबवला नव्हता. आक्काबाई पुढं आली. "काय म्हणाला डॉक्टर?"

"अगं, दाढ," सोपान सवयीनं सुरू झाला. "ही एवढी दाढ, मुळं पार गुडघ्यापातुर..."

"दाढ न्हाई, मावशी," कैलास म्हणाला. जीभ जड झाली होती; पहिली गोळी तिथंच घेतली होती. "माझा आजार परत डोकं वर काढत व्हता. गोळ्या बदलल्यात. आता आठवडा-दोन आठवडं कसं जाईल ते काय सांगता येत न्हाई. निस्तं झोपायला सांगितलंय."

सगळं खळं ऐकत होतं. सोपानला वाटलं काहीतरी जोडावं, लोकांच्या तोंडावर काहीतरी फेकावं, पण त्या वाक्यांवर चढती मारायला त्याच्याकडं काही नव्हतं.

आक्काबाईनं कैलासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग जा की. हितं उभं राहून झोपणार हायस का?"

विठाबाईनं आतल्या खोलीत गादी घातली, खिडकीवर घोंगडी टाकली. कैलास आत गेला. सोपाननं पेंढी उचलली, बाजेवर आपटली, आणि आक्काबाई एकदम खेकसली, "अवो भाऊ! आवाज जातोय की आत!"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. खळं घराला लागून. धपधप थांबायची तर झोडणी थांबणार. आणि आभाळ भरून यायला लागलेलं, भात उघड्यावर.

"माझ्या खळ्यावर चला," आक्काबाई म्हणाली. तिचं खळं वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. "उचला बाजा. पेंढ्या बांधा. आणि तोंडं मिटा सगळ्यांनी."

तशी अख्खी वाडी, बाया-बापे, बाजा, सुपं, पेंढ्यांचे भारे घेऊन मुक्यानं निघाली. कुणी खोकलंही नाही. सगळ्यांच्या शेवटी सोपान, डोक्यावर दोन माणसांचा भारा घेऊन, स्वतःच्याच अंगणातून चवड्यांवर चालत गेला.