ताऱ्यापासून दूरचा गारठा

मित्रांनो, मी पोलादाचे एक जुने, पोकळ भांडे आहे. माझ्या पोटात काहीही नसावे, हवासुद्धा नसावी, यासाठीच मला घडवले गेले. पंप मला अखंड रिकामे करीत राहतात, तरी भिंतींना चिकटलेले थोडे पाणी उरतेच. संपूर्ण रिते होणे मला कधी साधले नाही. त्या प्रयत्नानेच मी दमले आहे.

कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची विशाल तबकडी फिरत असते. तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात. ताऱ्यापासून दूर, जिथे ऊब पोहोचत नाही, तिथे धुळीच्या कणांवर वायू गोठतात. मला जोडलेल्या शीतयंत्राच्या मदतीने तो काळोख, तो गारठा पोटात सांभाळणे हे माझे काम. एके काळी प्रयोगशाळेतली माणसे माझ्या काचेच्या खिडकीला नाक लावून पाहत. आता येणारे-जाणारे माझ्यावर कोट टाकतात.

टिकून राहिली ती एक संशोधिका. पंप सांभाळणारे काका तिला ताई म्हणतात. धुळीच्या थरावर कार्बन मोनॉक्साइडचे हिम साठवून त्यावर ती हायड्रोजनचे सुटे अणू सोडत होती. कित्येक आठवडे, इतक्या सावकाश की पंपांनाही पत्ता लागू नये. दुर्बिणींना अशा तबकड्यांत मिथेनॉल, म्हणजे एक साधे अल्कोहोल, दिसले आहे. ते इतक्या विरळ हिमातूनही घडते का, एवढेच तिला विचारायचे होते. उत्तर हिम तापवतानाच मिळणार होते. सावकाश तापवले, तर प्रत्येक पदार्थ आपापल्या पाळीने निघतो. घाई केली, तर सारे एकदम उडते आणि काहीच उमगत नाही.

ज्या दिवशी हिम तापवायचे ठरले होते, नेमक्या त्याच सकाळी विभागप्रमुख आले.

"नवं यंत्र दारात येऊन उभं आहे. याचं शीतयंत्र त्याला लागणार. बंद करा हे."

"सर, आत बर्फ आहे. संध्याकाळपर्यंत थांबा ना," ताई म्हणाली.

"तुमच्या त्या बर्फाचं मी वर्षानुवर्षं ऐकतोय. काका, खोला."

काकांनी पान्याने एक बोल्ट उगाचच कुरकुरवला. "हलत नाही हो, सर. म्हातारं हट्ट धरून बसलंय. जोर केला तर शीतयंत्राचीच मान मोडेल."

"मग?"

"हळूहळू गरम होऊ द्या. आपोआप सैल होतील."

प्रमुख पाय आपटत गेले. माझा एकही बोल्ट अडकलेला नव्हता.

"खरंच अडकलेत, काका?"

"तुम्ही तापवा, ताई. बोल्टचं मी बघतो."

आधी कार्बन मोनॉक्साइड निघून गेला. मग निघणारे वायू मोजणाऱ्या पडद्यावरची मिथेनॉलची रेघ कितीतरी वेळ आडवी पडून राहिली, आजाऱ्यासारखी.

"चहा आणू?"

"नको. हलूच नका तुम्ही."

"मी हललो तर तारे पडतील काय?"

ती हसली नाही. आणि मग, पाणी सुटण्याच्या जरासे आधी, रेघ उठली. ताईने माझ्या थंड काचेवर कपाळ टेकले.

"आहे?"

"आहे, काका. एवढंसंच आहे. पण आहे."

मित्रांनो, दमलेल्यांना जरूर निवृत्त करा. आम्हालाही विसावा हवा असतो. फक्त बंद करताना घाई करू नका. आत जे साठले आहे, ते त्याच्या गतीने बाहेर येऊ द्या. आता काका झडप उघडत आहेत. खोलीतली हवा माझ्यात शिरते आहे; तिला साबणाचा, तेलाचा, माणसांच्या श्वासाचा वास आहे. किती जड असते ती, आणि किती उबदार.