वायर निघाली की विझणारा मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. सध्या माझा मुक्काम एका शिवणयंत्राशेजारी, दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकून असतो. माझ्या झाकणाला चीर गेली आहे आणि बॅटरीने केव्हाच मान टाकली आहे. वायर लावलेली असेल तोवर मी जागा. ती निघाली की त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधार.

माझा जन्म कारखान्यातला. खोक्यातून बाहेर आलो तो कॉलेजातल्या एका मुलाच्या हातात. पहिलं वर्ष त्याने मला मऊ फडक्याने पुसलं. मग कौतुक ओसरलं आणि माझ्या पाठीवर चहाचे कप विसावू लागले. चार वर्षांनी त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि मला आपल्या वहिनीपुढे ठेवलं.

"घ्या वहिनी. बॅटरी गेलीय, पण वायर लावली की पळतो."

"पळायला नकोच आहे. एका जागी बसला तरी पुष्कळ," ती म्हणाली.

ही वहिनी म्हणजे चिमणीची आई. चिमणी तेव्हा सव्वा वर्षाची होती. ती दुपारी झोपली की आई माझ्यापुढे बसे. प्रोग्रॅम लिहायला ती अशीच, झोपेच्या तुकड्यातुकड्यांत शिकली. मग अर्ज सुरू झाले. एकवीस अर्ज गेले, सहा उत्तरं आली आणि सहाही ठिकाणी अनुभव हवा होता. अर्जात अनुभवाचा रकाना आला की तिची बोटं माझ्या कळांवर थांबायची. शेवटी ती शून्य लिहायची. चिमणीच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत नोकरी मिळाली नाही, तर नणंदेच्या दवाखान्यात रुग्णांची नावं लिहायला बसायचं, असं घरात ठरलं होतं.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्या मापांच्या चिठ्ठ्या हमखास हरवत.

"अगं, काल एकीच्या बाह्या दुसरीच्या कोटाला लावल्या मी," त्या एकदा सांगत आल्या. "ती म्हणते, हात वाढवू का आता?"

चिमणीच्या आईने त्यांच्यासाठी मापं ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. मावशी रोज दुपारी वर येऊन एका बोटाने माझ्यात मापं भरत आणि कापड कापण्याआधी पुन्हा येऊन बघून जात.

चिमणी मात्र आता चालू लागली होती आणि घरातल्या सगळ्या खेळण्यांत तिला माझी काळी वायर आवडे. दिवसातून दोन-तीनदा ती ओढली जाई. मी विझे आणि मावशींनी भरलेली मापं जात. पहिल्या दिवशी आई कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काय गं बाई, मावशींची अख्खी दुपार गिळलीस." तिसऱ्या दिवशी तिने प्रोग्रॅम बदलला. आता एकेक आकडा उमटला की तिथल्या तिथे साठवला जाई. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पाच महिने गेले. वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना एका छोट्या कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं. ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. टेबलापलीकडे दोघं होते, एक साहेब आणि एक चष्मेवाल्या बाई. तिने मापं भरून दाखवायला सुरुवात केली. बाहीचं माप बावीस लिहायचं होतं. त्यातला पहिला दोन उमटला आणि साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. चाकात वायर अडकली.

पुढची काही मिनिटं मला ठाऊक नाहीत.

मला जाग आली तेव्हा चिमणीच्या आईचा हात अजून वायरीवरच होता. तिने प्रोग्रॅम उघडला. बाहीच्या रकान्यात तो एकटा दोन जागेवर होता.

"हा कसा राहिला?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही तर काहीच सेव्ह केलं नव्हतं."

"आपोआप होतं ते. घरी मुलगी वायर ओढते. रोज."

बाई हसल्या नाहीत. "पण आकडा अर्धाच राहिलाय, हे वापरणाऱ्याला कळणार कसं?"

"शेजारी पिवळा ठिपका दिसतोय ना, तो माप पुरं केल्याशिवाय जात नाही." तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. "आधी नव्हता. मग एकदा आमच्या मावशींनी दोन इंचांची बाही कापायला घेतली."

आता बाई हसल्या.

"अनुभव मात्र शून्य लिहिलाय तुम्ही," साहेब अर्ज बघत म्हणाले.

"नोकरीचा तेवढाच आहे."

"पाच महिने कोणीतरी रोज वापरतंय हे," बाई साहेबांना म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "तुमच्या मावशींचा नंबर द्या. मी त्यांच्याशी बोलते."

मावशी फोनवर बाह्यांबद्दल पाऊण तास बोलल्या म्हणे. वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना नोकरीचं पत्र आलं.

कंपनीने तिला नवा, सडपातळ लॅपटॉप दिला. मी पंधरा दिवस कपाटावर धूळ खात पडलो. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. खाली मावशी पुन्हा चिठ्ठ्या हरवू लागल्या तेव्हा माझी आठवण निघाली आणि मी एक मजला खाली आलो.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. एखाद्या वस्तूतला दोष दिसला की तिला लगेच अडगळीत टाकू नका. काही दिवस त्या दोषासकट तिच्याबरोबर काम करून बघा. जपायचं काय, ते त्यातूनच कळतं.

आई कामावर गेली की चिमणी आता इथे मावशींपाशी असते. वायर तिला अजून आवडते. मी विझतो, मावशी तोंडातली टाचणी काढून ठेवतात, वायर पुन्हा लावतात. पिवळा ठिपका जागेवर असतो. मावशी उरलेला आकडा लिहितात.