बारा ताजी अंडी

गेले आठ दिवस मिस्त्री अंडी सोलत होते. रोज चार. साठी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस रोज चार अंडी खाणार कुठे? म्हणून सोललेली अंडी डब्यात भरून ते कामावर नेत, आणि दुपारच्या सुट्टीत सोबतची माणसे ती मीठ लावून फस्त करत.

“मिस्त्री, आता खुराड्यात जाऊन बसायचं तेवढं बाकी राहिलंय तुमचं,” सुतार म्हणाला.

“बसतील, बसतील,” रंगारी म्हणाला. “पण आधी ओळंबा लावून खुराडं सरळ आहे का बघतील.”

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेले वजन; भिंत उभ्याने सरळ आहे की झुकली आहे, ते सांगणारे. मिस्त्रींच्या खिशात तो सदैव असे, आणि मिस्त्रींचा स्वभावही तसाच, म्हणून कामावर त्यांचे नावच ओळंबा पडले होते. त्यांनी केलेल्या गिलाव्यावर संध्याकाळचा तिरपा उजेड पडला तरी सावलीची एक सुरकुती दिसत नसे. चाळीस वर्षे या माणसाने खडबडीत गोष्टींना गुळगुळीत केले होते. आता प्रश्न एका जन्मतःच गुळगुळीत गोष्टीचा होता, आणि तो त्यांना सिमेंटहून जड जात होता.

कारण असे की मिस्त्रींना लग्न करायचे होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी वाचनालयाची मागची भिंत नव्याने लिंपली होती. ओल्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावे लागते. तहानलेला राहिला तर तो तडकतो. मध्ये रविवार आला. वाचनालय बंद. “रविवारी पाणी कोण मारणार?” असे मिस्त्रींनी सहज विचारले, आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंनी चष्मा न काढता उत्तर दिले, “मी मारीन. किल्ली माझ्याकडेच असते.” सोमवारी मिस्त्री आले, तर भिंत वरपासून खालपर्यंत सारखी ओली, आणि फरशीवर पाण्याचा एक थेंब नाही. त्या ओल्या भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. आपले अर्धवट काम दुसऱ्या कुणी इतक्या मायेने राखावे, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

पुढचे सगळे हळूहळू झाले. चांगला गिलावा वाळतो तितकेच हळू. शेवटी बाई म्हणाल्या, “माझं काय ते ठरलंय, मिस्त्री. पण लेकीनं हो म्हटल्याशिवाय मी घर सोडणार नाही. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. रविवारी सकाळी आमच्याकडे उकडलेली अंडी असतात. ती आणि तिचे बाबा पैज लावायचे, कुणाचं टरफल अखंड निघतं म्हणून. तुम्ही या रविवारी या. सोलायला शिकून या, एवढंच सांगते. ती बोलणार काही नाही, पण बघेल.”

“बघेल म्हणजे?”

“रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती. दिवसभर तेच करते. बघते.” मग किंचित थांबून, “आणि आमच्या स्वयंपाकघरातली भिंत फुगलीय एका जागी. तिला हात लावायचा नाही. आल्या आल्या घर ठोकून बघणारा पाहुणा मला नकोय.”

म्हणून ही बत्तीस अंडी. पहिल्या दिवशी मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. पण हाताला रीत सापडली की हात तिला सोडत नाही. गार पाण्यात अंडी, पाण्याला उकळी, मग नेमकी नऊ मिनिटे. लगेच बर्फाच्या पाण्यात बुडी. बोथट टोकाला चमच्याने हलका ठोका, कारण तिथे आत हवेची एक पोकळी असते आणि पोकळी कुठे आहे हे गवंड्याला न बघता कळते. मग तळव्याखाली एकदा गोल लोळवायचे. टरफलावर भेगांचे जाळे पसरते आणि अंगठ्याखाली ते एकसंध निघत जाते. आठव्या दिवशी चारही अंडी अशी निघाली, की स्वतः सुतार बोलायचा थांबला.

आणि इथेच मिस्त्रींना ती कल्पना सुचली.

सराव सगळा दुकानच्या अंड्यांवर झाला होता. पण त्यांच्या अंगणात सात कोंबड्या होत्या. लेकीसमोर दुकानची अंडी काय न्यायची? शनिवारची सहा आणि रविवारी पहाटेची सहा अशी बारा अंडी त्यांनी टोपलीत पेंढ्यावर मांडली. शेवटचे अंडे इतके नुकतेच घातलेले होते, की हातात घेतल्यावर कुणाचा तरी हात हातात घेतल्यासारखे वाटले. यांच्याहून चांगले द्यायला आपल्याजवळ काहीही नाही, असे त्यांना वाटले, आणि ते खरेच होते.

तिसऱ्या मजल्यावरचे दार लेकीने उघडले. मनगटावरचे घड्याळ आतल्या बाजूला, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि चष्म्याआडची नजर अशी की मिस्त्रींना आपली कॉलर सरळ आहे की नाही याची शंका आली.

“या,” ती म्हणाली. नुसते ‘या’. काका नाही, मिस्त्री नाही. हाक मारायला लागू नये अशी वाक्ये तिने आधीच बेतून ठेवली असावीत.

“तुमच्यासाठी,” मिस्त्रींनी टोपली पुढे केली.

तिने एक अंडे उचलले. “हे कोमट आहे.”

“आजचं आहे. तासाभरापूर्वीचं.”

“आणि बाकीची?”

“कालची. जुनं एकही नाही.”

लेकीने अंड्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “अस्सं,” ती म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. मिस्त्रींनी ते कौतुक समजून घेतले.

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होते. खिडकीतून आलेले ऊन ओट्यावर पसरले होते. बाई पाव कापत होत्या. त्यांनी मान वर करून हसल्यासारखे केले आणि मग डोळ्यांनीच भिंतीकडे दाखवून बजावले. मिस्त्रींनी भिंतीकडे पाठ केली. पण फुगलेला गिलावा गवंड्याच्या पाठीलाही दिसतो. नळाच्या वर, थाळीएवढा.

लेकीने सहा अंडी पातेल्यात सोडली. ती तळाशी निवांत आडवी पडली, दुपारी जेवून निजलेल्या माणसांसारखी. दुकानची अंडी आपले बोथट टोक जरा उचलून धरत, हे मिस्त्रींना आठवले. त्यांना वाटले, घरची ती घरची. किती शहाणी आहेत. लेकीनेही पातेल्यात जरूरीपेक्षा क्षणभर जास्त वाकून पाहिले.

पाणी उकळले. तिने मनगट उलटे करून घड्याळ लावले. नऊ मिनिटे काय बोलायचे, याचा सराव मात्र मिस्त्रींनी केला नव्हता.

“घर किती खोल्यांचं आहे?” लेकीने विचारले.

“दोन. आणि अंगण.”

“आईच्या गुडघ्यांना जिना चालत नाही. इथलाही चालत नाही, पण ती कबूल करत नाही.”

“मी इथेच उभी आहे,” बाई म्हणाल्या.

“जिना नाही,” मिस्त्री म्हणाले. “एक पायरी होती दारात. गेल्या महिन्यात काढली.”

“आणि पुस्तकं कुठे राहणार?”

“भिंतीत कपाट करतोय. पाचशे बसतील.”

“तिची नऊशे आहेत.”

“नऊशे बारा,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी क्षणभर मनातल्या मनात आपले घर उभे केले. “मग समोरच्या भिंतीतही करतो,” ते म्हणाले. “झोपायच्या खोलीत भिंत राहणार नाही, पण ठीक आहे. छताला आधार होईल पुस्तकांचा.”

बाई खुदकन हसल्या. लेकीने मात्र घड्याळाकडे पाहिले. “झाली नऊ.”

अंडी बर्फाच्या पाण्यातून निघाली. मिस्त्रींनी बाह्या सारल्या. चमच्याचा ठोका, तळव्याखाली लोळवणे, भेगांचे जाळे. सगळे जिथल्या तिथे. त्यांनी अंगठा घातला आणि ओढला.

टरफल निघाले. त्याच्याबरोबर पांढऱ्याचा एक चतकोर लचकाही निघाला.

मिस्त्रींना वाटले, घाई झाली. त्यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. तिथे टरफल नखाएवढ्या तुकड्यांत येऊ लागले, आणि प्रत्येक तुकडा जाताना आपला वाटा घेऊन जात होता. दुसरे अंडे त्यांनी नळाच्या धारेखाली धरले. तिसऱ्यात चमचा घातला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून असा गिलावा कधी पडला नव्हता. बशीत तीन अंडी होती आणि तिन्ही गारपीट झालेल्या भिंतीसारखी, जागोजागी खड्डे, एका खड्ड्यातून पिवळा बलक डोकावत असलेला. बाई पाव कापायच्या थांबल्या होत्या.

मिस्त्रींनी तिन्ही अंडी आपल्या ताटलीत ओढून घेतली.

“फसलं माझं,” ते म्हणाले. “आठ दिवस जमत होतं. यात अंड्यांचा काही दोष नाही, कोंबड्या चांगल्या आहेत. ही मी खातो. उरलेली तुम्ही सोला, बाई. माझ्या हातात दिलीत तर तुम्हाला काही उरायचं नाही.”

लेकीने उरलेल्यांतले एक अंडे उचलले, सराईतपणे ठोकले, लोळवले, अंगठा घातला. आणि तिच्याही हातात अंड्याचे अर्धे अंग आले. तिने ते तुकडे दोघांना नीट दिसतील असे धरले, आणि मग जे तिने इतका वेळ ओठाच्या कोपऱ्यात कोंडून ठेवले होते ते फुटले. ती हसत सुटली. ओट्याला टेकून, चष्मा वर सरकवून, डोळ्यांतले पाणी मनगटाने पुसत.

“अहो, दोष अंड्यांचाच आहे! इतकी ताजी अंडी कुणाच्या बापाला सोलता येत नाहीत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो. आठ-पंधरा दिवस गेले की आपोआप सोडतो. दुकानात येतात ती तेवढी जुनी असतातच. म्हणून जमत होतं तुम्हाला.”

“तुला माहीत होतं?” बाईंनी सुरी खाली ठेवली.

“दारातच. कोमट अंडं हातात दिलं यांनी!”

“आणि बोलली नाहीस? घामाघूम झाला तो माणूस!”

“बघत होते,” लेक म्हणाली, आणि तिचे हसू जरा निवळले. “बाबांचं अंडं फसलं की ते काय करायचे, आठवतंय? कोंबडीपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचा उद्धार. मग तुझा, पाणी नीट उकळलं नाहीस म्हणून. मग अर्धा रविवार कुणाशी बोलायचे नाहीत.”

बाईंच्या चेहऱ्यावर अशी एक लबाड ओळख उमटली, की गेलेला माणूस त्या क्षणी दारातून फुरंगटून आत आल्यासारखा वाटला. “आणि संध्याकाळी हळूच विचारायचे, चहा आहे का,” त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की मिस्त्रींनाही हसू आवरेना, जरी त्यात आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना अजून कळले नव्हते.

सहाही अंड्यांचे तुकडे एका वाडग्यात गेले. लेकीने ती काट्याने कुस्करली, लोणी, मीठ, भरपूर मिरपूड घातली, आणि गरम पावावर तो पिवळा-पांढरा ढीग थापला. ती थापत असताना मिस्त्रींनी नकळत चमचा तिच्या हातातून घेतला आणि कडेपर्यंत सारखा फिरवला.

“बघा, बघा,” लेक म्हणाली. “पावालाही गिलावा.”

ते तिघे उन्हात उभ्या उभ्याच खात होते. मिस्त्रींना आपल्या कोंबड्यांची अंडी इतकी चांगली लागतात हे ठाऊक नव्हते. एवढे मात्र त्यांना कळत होते, की हसणे म्हणजे होकार नव्हे. पाहुण्यालाही लोक हसून निरोप देतात. टोपलीत सहा अंडी उरली होती, आणि ती आता परत न्यायची की ठेवायची, हे विचारायलाही त्यांची जीभ उचलेना.

लेकीने हात धुतले. केसांतली पेन्सिल काढली. टोपलीतले एक अंडे घेऊन तिने त्याच्या टरफलावर बारीक, ठसठशीत अक्षरांत काहीतरी लिहिले. प्रयोगशाळेत नळ्यांवर लिहीत असेल तसे. मग दुसरे. मग तिसरे. सहाही अंडी तिने फ्रीजच्या दारातल्या खाचांत उभी केली.

मिस्त्रींनी मान तिरकी करून वाचले. सगळ्यांवर एकच तारीख होती, आणि ती आजची नव्हती. ती दोन आठवड्यांनंतरच्या रविवारची होती.

“तोवर मुरतील,” लेक म्हणाली. “तेव्हा सोलायला या. पैज लावू. आणि येताना कपाटाचं माप घेऊन या, काका. नऊशे बारा आज आहेत, लग्नापर्यंत वाढतील. हिला मी ओळखते.”

बाईंनी पदराला हात पुसले, जरी ते कोरडेच होते. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. काही बोलावे म्हणून त्यांनी तोंड उघडले, आणि त्यांची नजर, बिचारी, सवयीने नळाच्या वर गेली.

“घ्या, ठोका एकदाची ती भिंत,” लेक म्हणाली. “सकाळपासून तिच्याकडे पाठ करून उभे आहात, मानेला कळ लागली असेल.”

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मान हलवली. मग अंडी ठोकलेला तोच चमचा घेऊन ते भिंतीपाशी गेले, कान लावला आणि हलकेच ठोका दिला. आतून पोकळ, गोल, पिकल्या कलिंगडासारखा आवाज आला. मिस्त्रींचा चेहरा उजळला.

“पूर्ण सुटलीय!” ते म्हणाले. “हात लावला की अख्खी निघेल. एका तुकड्यात!”

“कमाल आहे या घराची,” बाई म्हणाल्या. “जे सोलायचं ते सुटेना, आणि जे धरायचं ते धरेना.”

“दोन दिवसांचं काम आहे,” मिस्त्री म्हणाले. “आणि सात दिवस पाणी.” मग त्यांना आठवले, तसे ते संकोचून म्हणाले, “मध्ये रविवार येईल.”

“येऊ दे की,” लेक म्हणाली. “मी असते घरी. पाणी मी मारीन.”