पुसलेल्या अक्षरांची स्कूटर

मित्रांनो, हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या रायापूरला एका संस्थेच्या शेडमागे सीट फाटलेली, पुढचा पत्रा खरवडलेली एक स्कूटर उभी असते, ती मी. माझ्या आरशात आता चिमण्या स्वतःशीच भांडतात. दुसरं काम नाही. तेव्हा थोडं ऐका.

मी नवी असताना एका देणगीदाराने मला या संस्थेला दिलं. पेंटरने माझ्या पुढच्या पत्र्यावर निळ्या रंगात, वर कानडीत आणि खाली मराठीत, ठसठशीत लिहिलं: मानसिक आरोग्य सेवा. मला केवढा अभिमान वाटला! देवाने कपाळी टिळा लावून पाठवावं, तसा.

मला चालवायची वेदश्री. धारवाडला समाजकार्य शिकून नुकतीच नोकरीला लागलेली. मनाच्या आजाराच्या लोकांना घरी जाऊन भेटायचं, गोळ्या चालू आहेत ना पाहायचं, घरच्यांना धीर द्यायचा, हे तिचं काम. पोरगी कष्टाळू आणि मनाची निर्मळ. बोलायची मात्र फार.

दर मंगळवारी आम्ही जुन्या हुबळीत मालतीअक्कांच्या दारात जात असू. त्यांची मुलगी योगिता हिला कानात आवाज ऐकू येत, झोप लागत नसे. सहा महिने गोळ्या घेतल्यावर आवाज थांबले. ती उंबऱ्याशी बसून साड्यांना फॉल लावायला लागली. सुई चालवता चालवता गुणगुणायचीसुद्धा. ते ऐकून माझं इंजिनही हळू धडधडे.

एकदा ती वेदश्रीला दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, गाडी तेवढी कोपऱ्यावर लावशील?"

वेदश्री हसली. "का गं? ताप आला तर आपण लपवतो का? मग यात लाज कसली?"

बोलणं खरं होतं हो. पण गल्लीत राहायचं होतं योगिताला, वेदश्रीला नव्हे. योगिताने मान खाली घातली आणि दोरा दाताने तोडला.

पुढच्या मंगळवारी समोरच्या दुर्गव्वाने नळावरून हाळी दिली, "काय मालतीअक्का, हुच्चांची गाडी आज लवकर आली की! कॉफी दिली का नाही गाडीला?"

नळावरच्या बायका खो खो हसल्या. वेड्याला कानडीत हुच्च म्हणतात, हे मला ठाऊक होतं. आपण त्या शब्दाची पाटी होऊन उभ्या आहोत, हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दार उघडलंच नाही. मालतीअक्का खिडकीतून बोलल्या. "गाडीमुळं पोरीची ठरत आलेली सोयरीक मोडली. गोळ्या गटारात टाकल्या तिनं. मावशीकडं धाडलंय. तुम्ही चांगल्या हात बाई, पण पुन्हा येऊ नका."

वेदश्री मला ढकलतच मारुतीच्या देवळापर्यंत गेली. किल्ली फिरवायचंसुद्धा तिला सुचलं नाही. तिथे दर शनिवारी आम्ही बाळाचार्यांचं कीर्तन ऐकायचो. ती आत, मी बाहेर. पूर्वरंगात ते बुद्धीला समजवायचे, उत्तररंगात काळजाला हात घालायचे. त्या दिवशी कीर्तन नव्हतं. पायरीवर बसून तिने बाळाचार्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "बाळ, देवळात येताना चपला बाहेर काढतेस. तिच्या दारात जाताना तेवढी पाटी काढायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने पॉलिश पेपर आणला आणि घासघासून माझी अक्षरं काढली. संस्थेचे साहेब ओरडले, "नाव दिसावं म्हणून गाडी दिलीय!" ती म्हणाली, "पगारातून कापून घ्या, सर."

तिथून तिचं खरं शिक्षण सुरू झालं. ती मला दुर्गदबैलच्या बाजारात कापडदुकानांच्या गर्दीत लावायची आणि पायी जायची. बोलायची कमी, ऐकायची जास्त. किती बंद दारं तिला उघडली! आज ती धारवाडला नव्या मुलींना शिकवते. संस्थेने मात्र पांढरी जीप घेतली. चारही बाजूंनी अक्षरं, माझ्यापेक्षा दुप्पट मोठी. वेदश्रीने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मला शेडमागे लोटलं.

त्याआधीची एक दुपार सांगते. दुर्गदबैलात मी उन्हात उभी होते. मालतीअक्का एका बाईचा दंड धरून चालल्या होत्या. बाई पावलं ओढत होती, बोटं हवेत काहीतरी चिमटीत धरत होती, जशी सुई. ती योगिता होती. ती माझ्यासमोर थबकली. मित्रांनो, रंग गेला तरी अक्षरांची जागा फिकी राहते. तिरप्या उन्हात ती वाचता येते. तिने वाचली आणि आईला ओढत रस्त्याच्या पलीकडे गेली.

वेदश्री चार पावलांवर होती. तिने हाक मारली नाही. तिथेच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

मला तेल घाला, सीट शिवा, असं मागणं नाही माझं. लोखंडच मी, गंजणारच. पण मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाचे डोळे पुसायला निघालात, तर जरूर जा. देव तुमचं भलं करो. फक्त त्या घरात शिरण्याआधी एवढं विचारा, गाडी कुठे लावू? आणि उत्तर मिळालं, की हसू नका.